‘पण बाई, मी म्हणजे तो नाही’: मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्यांना खुलं पत्र

मूल्यशिक्षणाचा तास घेणाऱ्या सर्व शिक्षकांस, आणि त्या तासासाठी पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींस,

सप्रेम नमस्कार.

मी भूमितीची शिक्षिका. मूल्यशिक्षण हा माझा विषय कधीच नव्हता. पण कुणी रजेवर असलं की तो तास माझ्या वाट्याला यायचा, आणि अशाच एका तासाची रुखरुख मला अजून आहे. ती आधी सांगते, म्हणजे पुढची मागणी का करते आहे ते कळेल.

त्या दिवशी फळ्यावर मीच वळणदार अक्षरात लिहिलं होतं, ‘दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं, तसंच आपण दुसऱ्यांशी वागावं.’ तेवढ्यात एक तक्रार आली. सकाळच्या चाचणीच्या वेळी एका मुलाने शेजारच्याच्या पेटीतला कोनमापक न विचारता उचलला होता. शेजाऱ्याचा कोन चुकला, गुण गेले, तो रडवेला झाला होता. मला वाटलं, धडा आयताच चालून आला. मी पहिल्या मुलाला उभं केलं. ‘का घेतलास?’ ‘मला लागत होता.’ ‘तुझा कुणी असा घेतला असता तर?’ ‘राग आला असता.’ ‘मग?’ तो क्षणभर थांबला आणि अगदी सरळ चेहऱ्याने म्हणाला, ‘पण बाई, माझा कुठे घेतलाय? त्याचा घेतलाय. मी म्हणजे तो नाही.’

वर्ग हसला. मी चिडले. ‘उलट उत्तर देतोस?’ असं म्हणून त्याला फळ्यावरचं वाक्य पंचवीस वेळा लिहून आणायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी त्याने नीट, समास सोडून लिहून आणलं. मी खाली सही केली. प्रकरण मिटलं.

खरं तर त्या मुलाने नीतिशास्त्रातला सगळ्यात अवघड प्रश्न विचारला होता, आणि मी त्याच्याकडून शुद्धलेखन करून घेतलं. भूमितीच्या तासाला कुणी म्हणालं असतं, ‘बाई, या त्रिकोणाच्या कोनांची बेरीज १८० अंश आली, पण दुसऱ्या त्रिकोणाची तीच कशावरून?’, तर मी त्याची पाठ थोपटली असती. सिद्धतेची गरज ज्याला कळली, त्याला अर्धी भूमिती कळली. मग नीतीच्या तासाला तोच ‘कशावरून’ आपल्याला उद्धट का वाटतो?

माझी तक्रार एवढीच आहे, आणि तीत मी स्वतःला धरते. फळ्यावरचं ते वाक्य, म्हणजे सुवर्णनियम, आपण सुविचार म्हणून शिकवतो. तो सुविचार नाही, युक्तिवाद आहे. त्याला आधारविधान आहे, निष्कर्ष आहे, आणि तो तपासून बघता येतो. मुलांना आपण फक्त निष्कर्ष पाठ करायला देतो.

त्या मुलाला काय सांगायला हवं होतं, ते मला पुष्कळ उशिरा सुचलं, आणि तेही एका अपघातामुळे. शाळेतल्या लोखंडी कपाटात मी वह्या लावत होते. वाऱ्याने दार आपटलं आणि माझं बोट बिजागरीच्या बाजूला सापडलं. मी ओरडले, ‘दार ओढा, बोट सापडलंय!’ एक सहकारी धावत आल्या आणि कपाटाआड कोण आहे हे न बघताच त्यांनी दार ओढलं. रात्री बोट ठणकत होतं, झोप येईना. तेव्हा लक्षात आलं की माझ्या त्या हाकेत माझं नावच नव्हतं. ‘माझं’ हा शब्दसुद्धा नव्हता. ‘बोट सापडलंय’ एवढंच मी सांगितलं आणि ते पुरलं. दार ओढण्याचं कारण त्या दोन शब्दांत पूर्ण होतं. कुणाचं बोट, ही माहिती त्या कारणात कुठे लागतच नव्हती.

आता फळ्यावरची सिद्धता आठवा. आपण लिहितो, ‘समजा, अबक हा कोणताही एक त्रिकोण आहे.’ शिरोबिंदूतून समोरच्या बाजूला समांतर रेषा काढतो, व्युत्क्रम कोन दाखवतो, बेरीज पूर्ण करतो. काढलेला त्रिकोण एकच असतो, तरी निष्कर्ष सगळ्यांना लागू होतो, कारण सिद्धतेच्या कुठल्याही पायरीत ‘हा माझ्या फळ्यावरचा आहे’ याचा आधार घेतलेला नसतो. जे कारण वापरलं, ते तुमच्या वहीतल्या त्रिकोणालाही तसंच्या तसं लागतं. म्हणून तो निष्कर्ष माझं मत राहत नाही.

‘दुखतंय, म्हणून थांब’ या कारणाचंही तसंच आहे. माझं दुखणं थांबवायला मी जे कारण देते, त्यात माझं नाव कुठे लागत नसेल, तर तेच कारण दुसऱ्याच्या दुखण्यालाही लागू पडतं. ते नाकारायचं तर मला म्हणावं लागेल, की कारण दुखणं हे नव्हतंच, ‘मी’ हे होतं. पण ‘मी’ हा शब्द कुणाच्याही तोंडी तितकाच चपखल बसतो. ‘मी मी आहे’ हे कारण त्या मुलाला पुरत असेल तर शेजारच्यालाही पुरतं. मग कोनमापक कुणाचा, हा तंटा ज्याचा हात लांब त्याच्या बाजूने सुटतो. दोघांपैकी कुणीही समोरच्याला ‘तू चुकलास’ म्हणू शकत नाही. त्या मुलाला तर राग आला असता, असं तो स्वतःच म्हणाला होता. राग म्हणजे नुसती गैरसोय वाटणं नव्हे. त्यात ‘तुला असं करण्याचा अधिकार नव्हता’ हे विधान दडलेलं असतं. ते विधान त्याने केलं, की त्याच्या हातातला कोनमापक परत जायला हवा.

मराठीत या चुकीला किती नेमकं नाव आहे बघा: आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दोन्ही मुलं एकच खोडी करतात, नाव तेवढं बदलतं. सुवर्णनियमाचं अख्खं तर्कशास्त्र या म्हणीत आहे, आणि ते शिकवायला कुठल्याही तक्त्याची गरज नाही.

माणसामाणसांत फरक करायचाच नाही, असं मात्र हा नियम सांगत नाही. शल्यचिकित्सक माझं पोट उघडू शकतो, मी त्याचं उघडू शकत नाही. आई लेकराचा हात धरून त्याला विस्तवापासून ओढते, लेकराने आईला तसं ओढायची गरज नसते. फरक करा, पण तो परिस्थितीत दाखवा. शिक्षणात, संमतीत, गरजेत, धोक्यात दाखवा. नुसत्या नावात दाखवू नका.

या बाबतीत माझ्या मनात सगळ्यात खोल रुतलेला युक्तिवाद अब्राहम लिंकन यांचा आहे. गुलामगिरीवरचं त्यांचं एक छोटं टिपण उपलब्ध आहे, १८५४ च्या सुमाराचं मानलं जातं. तुकडाच आहे, जेमतेम काही ओळींचा. त्यात ते म्हणतात, समजा अ ने सिद्ध केलं की ब ला गुलाम करण्याचा त्याला हक्क आहे. मग तोच युक्तिवाद उचलून ब ने अ ला गुलाम का करू नये? तुम्ही म्हणाल, अ गोरा आहे, ब काळा. म्हणजे वर्णावरून ठरतं तर. मग सांभाळा, तुमच्यापेक्षा उजळ कातडीचा जो पहिला माणूस भेटेल त्याचे तुम्ही गुलाम व्हाल. वर्ण नाही, बुद्धी म्हणता? मग तुमच्याहून बुद्धिमान माणूस भेटेपर्यंतच तुम्ही मोकळे. स्वार्थ म्हणता? मग ज्याचा स्वार्थ तुम्हाला गुलाम करण्यात आहे, त्यालाही तो हक्क मिळाला.

यात दयेचं आवाहन नाही, पापाची भीती घातलेली नाही. प्रतिपक्षाने दिलेलं कारण हातात घेऊन ‘हे आणखी कुणाकुणाला लागू पडतं?’ एवढंच विचारलं आहे. लिंकन यांनी १८६० साली स्वतःविषयी लिहिलेल्या टिपणात नोंदवलं आहे, की काँग्रेसचे, म्हणजे अमेरिकेच्या संसदेचे, सदस्य झाल्यानंतर त्यांनी युक्लिडची पहिली सहा पुस्तकं अभ्यासून जवळजवळ आत्मसात केली. हे वाचलं तेव्हा मला, भूमितीच्या शिक्षिकेला, काय वाटलं असेल याची कल्पना करा. अ आणि ब ही अक्षरं त्या टिपणात उगाच आलेली नाहीत.

आता पुस्तकं लिहिणाऱ्या मंडळींशी थोडं स्पष्ट बोलते. तुमच्या गोष्टींत चांगलं वागणाऱ्याला शेवटी हमखास बक्षीस मिळतं. ज्याच्या पायातला काटा काढला, तो पुढे संकटात धावून येतो. ऐकायला गोड आहे, पण त्यातून मूल नियम शिकत नाही, सौदा शिकतं. ‘तू दे, मग तुला मिळेल’ हा हिशोब जिथे परतफेड होणार असते तिथेच चालतो. तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेला वृद्ध, मुकं जनावर, आपण मेल्यावर जन्माला येणारी माणसं, यांच्याकडून परत काय यायचंय? नियमाची खरी गरज तर तिथेच आहे. हाच हिशोब उलटा फिरवला की ‘जशास तसं’ होतं. ‘त्याने मारलं म्हणून मी मारलं’ म्हणणारं मूल मोठ्या विश्वासाने सांगतं, की मी नियमच पाळला. समोरचा जसा वागला तसं वागा, असं नियम म्हणत नाही. त्याने कसं वागायला हवं होतं असं तुम्हाला वाटतं, तसं वागा, असं म्हणतो. मुलं हा फरक पाच मिनिटांत पकडतात. कुणीतरी तो दाखवायला हवा.

नियमावरचे आक्षेपही मुलांपुढे ठेवा, लपवू नका. नाटककार जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी १९०३ मध्ये लिहिलं, की दुसऱ्यांनी आपल्याशी जसं वागावं असं वाटतं तसं त्यांच्याशी वागू नका, त्यांच्या आवडी वेगळ्या असू शकतात. आक्षेप खरा आहे. मी स्वतः त्याला बळी पडले आहे, किंवा माझी बहीण पडली म्हणा. तिचा नवरा गेला तेव्हा मी रोज संध्याकाळी तिच्याकडे जाऊन बसायचे, बोलत राहायचे, जुन्या आठवणी काढायचे. माझ्यावर असा प्रसंग आला असता तर मला माणसं हवी असती. तीन आठवड्यांनी ती हळूच म्हणाली, ‘ताई, थोडे दिवस मला एकटीला राहू दे.’ मी नियम अक्षरशः पाळला होता आणि तिला दमवलं होतं.

चूक कुठे झाली? मी तिच्या जागी गेले खरी, पण माझं मन बरोबर घेऊन गेले. जावे त्याच्या वंशा तेव्हा कळे, असं आपण म्हणतो. त्यात ‘त्याच्या’ हा शब्द महत्त्वाचा आहे. स्वतःला नीट विचारलं असतं तर मला काय हवं होतं? मी दुःखात असताना कुणीतरी माझ्या स्वभावाचा विचार करावा, हेच ना? मग तेच तिला द्यायला हवं होतं. कन्फ्यूशियसला त्याच्या शिष्याने विचारलं होतं, जन्मभर आचरावा असा एकच शब्द आहे का? त्याने ‘शू’ हा शब्द दिला आणि सांगितलं, स्वतःला जे नको ते दुसऱ्यावर लादू नकोस. चिनी लिपीत हे अक्षर दोन भागांचं आहे: वर ‘सारखं’, खाली ‘हृदय’. समोरच्याच्या हृदयासारखं आपलं हृदय करणं, असं मी ते वाचते.

दुसरा आक्षेप जर्मन तत्त्वज्ञ इमॅन्युएल कांट यांचा. १७८५ च्या ग्रंथात एका तळटिपेत ते म्हणतात, या नियमाच्या बळावर गुन्हेगार न्यायाधीशालाच पेचात पकडेल: ‘माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हाला शिक्षा हवी असती का?’ मोठमोठी माणसं या प्रश्नापाशी अडखळतात. पण न्यायाधीशापुढे काय फक्त गुन्हेगाराचीच जागा असते? ज्याचं घर फुटलं त्याची जागा आहे, उद्या ज्याचं फुटेल त्याचीही आहे. सगळ्या जागांवर बसून जो निर्णय पटतो, तो द्यायचा. आणि त्यात गुन्हेगाराची जागा धरलेली असल्यामुळेच शिक्षा गरजेपेक्षा क्रूर होत नाही.

आता तुमच्यापैकी जे तरुण शिक्षक वर्गात सांगतात, ‘नीती सापेक्ष असते, ज्याचं त्याचं खरं वेगळं’, त्यांच्याशी मला बोलायचं आहे. तुमचा हेतू मला समजतो. मुलांनी दुसऱ्यांना तुच्छ लेखू नये, असं तुम्हाला वाटतं. अशीच काळजी १९४७ साली अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने व्यक्त केली होती. मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत असताना त्यांनी संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाला निवेदन दिलं, की मूल्यं त्या त्या संस्कृतीशी बांधलेली असतात, एका संस्कृतीची मापं सगळ्यांवर लादू नका. पण ‘लादू नका’ हे कुणासाठी आहे? सगळ्यांसाठीच. आणि त्यामागचं कारण कोणतं? तुमच्यावर कुणी त्यांची मापं लादली तर तुम्हाला चालणार नाही. सापेक्षतेचं समर्थन करायला निघालेला माणूस सुवर्णनियमाच्याच दाराशी येऊन उभा राहतो. पुढे १९९९ मध्ये त्याच संघटनेने मानवी हक्कांना पाठिंबा देणारा जाहीरनामा स्वीकारला. मूळ जाहीरनामा १० डिसेंबर १९४८ रोजी ४८ मतांनी संमत झाला होता. विरोधात एकही मत नव्हतं, आठ देश तटस्थ राहिले, आणि त्यांत वर्णभेद राबवणारी दक्षिण आफ्रिका होती. बाब्या आणि कार्टं वेगळं ठेवायचं असेल, तर अशा कागदाच्या बाजूने मत देणं जड जातंच.

‘पण बाई, नीती वस्तुनिष्ठ आहे तर ती दाखवा कुठे आहे ती,’ असंही मला एका सहकाऱ्याने विचारलं होतं. प्रश्न जुना आणि मोलाचा आहे. ‘असं आहे’ पासून ‘असं असायला पाहिजे’ वर लोक कसे उडी मारतात, याचं नवल तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम यांनी अठराव्या शतकातच केलं होतं. जे. एल. मॅकी या तत्त्वज्ञाने १९७७ मध्ये लिहिलं, की वस्तुनिष्ठ मूल्यं असतील तर ती विश्वातल्या इतर कुठल्याही गोष्टीसारखी नसलेली, फारच विलक्षण असायला हवीत. मी म्हणते, मान्य. नीती दगडासारखी कुठे पडलेली नाही. पण ‘सिद्धता पटली की निष्कर्ष मानला पाहिजे’ यातलं ‘पाहिजे’ तरी कुठे पडलेलं आहे? ते कुणी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं आहे? ‘मला पुरावा द्या’ म्हणणाऱ्याने ते आधीच मान्य केलेलं असतं. माझ्यापुरतं वस्तुनिष्ठ म्हणजे एवढंच, की उत्तर विचारणारा कोण आहे यावर ते बदलत नाही. कोनांची बेरीज त्या कसोटीला उतरते, आणि ‘लागत होता म्हणून न विचारता घेतला’ यातली चूकही उतरते.

सगळे प्रश्न यातून सुटतात, असा माझा दावा नाही. आर. एम. हेअर या तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये एका माणसाचं चित्र उभं केलं आहे. तो कट्टर आहे, एका जमातीला संपवलं पाहिजे म्हणतो, आणि ‘मीच त्या जमातीचा निघालो तर मलाही संपवा’ असं मनापासून म्हणायला तयार आहे. नुसती सुसंगती त्याला अडवू शकत नाही. तिथे दुसरी साधनं लागतील: त्याच्या समजुती खऱ्या आहेत का, तो जे म्हणतो ते त्याने खरोखर डोळ्यांपुढे आणलं आहे का, हे तपासावं लागेल. पण अशी माणसं विरळा. आपण बाकीचे रोज चुकतो ते जागा बदलून बघायचं टाळतो म्हणून.

हा नियम आपल्या पूर्वजांनी कारणासकट सांगितला आहे, याचं मला फार अप्रूप वाटतं. धम्मपदात आहे, ‘सब्बे तसन्ति दण्डस्स, सब्बे भायन्ति मच्चुनो, अत्तानं उपमं कत्वा, न हनेय्य न घातये.’ सगळे दंडाला घाबरतात, सगळे मरणाला भितात. स्वतःशी तुलना करून बघ, मारू नकोस, मारवू नकोस. यातला पहिला भाग आधारविधान आहे, मग सिद्धतेची पायरी, मग निष्कर्ष. महाभारताच्या अनुशासनपर्वात बृहस्पती युधिष्ठिराला सांगतात, जे स्वतःला प्रतिकूल वाटतं ते दुसऱ्याच्या बाबतीत करू नये, थोडक्यात धर्म तो हा. आणि हिलेल नावाच्या ज्यू धर्मगुरूंची गोष्ट तर तुम्ही वर्गात सांगतच असाल. एकाने येऊन म्हटलं, मी एका पायावर उभा आहे तेवढ्या वेळात सगळं धर्मशास्त्र शिकवा. हिलेल म्हणाले, ‘तुला जे नकोसं वाटतं ते दुसऱ्याशी करू नकोस. हेच सगळं शास्त्र, बाकीचं त्याचं विवरण. जा, आणि शीक.’

आपल्या तक्त्यांवर पहिलं वाक्य असतं. ‘जा, आणि शीक’ कुणी लिहीत नाही.

माझी मागणी लहान आहे. या विषयाच्या तासांपैकी एक तास सुविचाराशिवाय घ्या. फळ्यावर त्या मुलाचं वाक्य लिहा: ‘मी म्हणजे तो नाही.’ खाली मोकळी जागा सोडा आणि मुलांना त्याला उत्तर देऊ द्या. चुकीची उत्तरं येतील, येऊ द्यात. कुणी म्हणेल शिक्षा होते म्हणून, कुणी म्हणेल देवाला आवडत नाही म्हणून. विचारा, शिक्षा होणार नसती तर? देवाला ते का आवडत नसेल? पुस्तक लिहिणाऱ्यांनी प्रकरणाच्या शेवटी ‘तात्पर्य’ छापतात तिथे एक कोरी चौकट ठेवावी. आणि कुणी उभं राहून तुम्हाला न आवडणारा प्रश्न विचारला, तर त्याला बसवू नका.

तो मुलगा आता बाप्या झाला असेल. पंचवीस वेळा लिहिलेलं ते पान त्याने कधीच फाडून टाकलं असणार. माझ्याकडे मात्र त्याचं उत्तर आता तयार आहे, आणि ते ऐकायला तो वर्गात नाही. तुमच्या वर्गात तसा कुणीतरी नक्की आहे. पाहिजे तर मला बोलवा, मी मागच्या बाकावर येऊन बसेन.

आपली,
भूमितीची एक निवृत्त शिक्षिका